मागच्या खोलीतला पंखा

शनिवार, ४ मे. सकाळी ८.
गुरुवारी वडिलांना हॉस्पिटलमधून सोडणार. गुडघ्याचं ऑपरेशन, महिनाभर विश्रांती. मागची खोली शांत आहे, पण तिथे पंखा नाही. हॉलचा पंखा तिकडे हलवायचा असं ठरवलं आहे. बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलवा. एवढ्याशा कामाला बाहेरचा माणूस कशाला? तुझ्या हातून साधा खिळा सरळ ठोकला जात नाही, असं वडील मला दहावीपासून ऐकवत आलेत. गुरुवारी ते माझ्या पंख्याखाली झोपतील आणि शब्द मागे घेतील. मला दुसरं काही नको.

दुपारी १.
पंखा उतरला. सोबत हॉलच्या छताचा थोडा भाग उतरला. एक पातं वाकलं होतं, ते गुडघ्यावर दाबून सरळ केलं. जवळजवळ सरळ.

रविवार, ५ मे. सकाळी ११.
नशीब बघा. मागच्या खोलीच्या छताला आयता हुक आहे. थोडा बारीक आहे, पण जुनं लोखंड. दोन्ही हातांनी ओढून पाहिला. पांढरी भुकटी पडली, बाकी काही नाही. पंखा टांगला, वायरी जोडल्या. बायको पूर्ण वेळ दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला माझं इतकं कौतुक वाटलेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

संध्याकाळी ६.
चालतो. प्रत्येक फेऱ्याला टक्. थोडा झुलतोही. नव्या जागी रुळायला वेळ लागतोच. बदली झाल्यावर मलाही तीन महिने लागले होते.

बुधवार, ८ मे.
हुकाशेजारी केसाएवढी चीर दिसते. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली. रोज तपासणार. शास्त्रीय पद्धत.

गुरुवार, ९ मे. संध्याकाळी ७.
वडील आले. पलंगावर टेकले आणि बराच वेळ वर बघत राहिले. मग विचारलं, तू लावलास? मी हो म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, वारा छान येतो. मी पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. तिथे एकटाच हसलो.

शुक्रवार, १० मे.
ऑफिसातून आलो तर वडील हॉलमध्ये खुर्चीत, अंगावर शाल. म्हणाले, त्या पंख्याने थंडी वाजते. मे महिन्यात थंडी. या पंख्याचा जोर हॉलमध्ये कधी कळलाच नव्हता.

रविवार, १२ मे.
चीर पेन्सिलीच्या खुणेपुढे चार बोटं गेली. उन्हाळ्यात छतं तडकतातच. खूण पुसून टाकली, उगाच डोक्याला ताप. वडिलांच्या उशीवर पीठ सांडल्यासारखी भुकटी होती. ती झटकली. मुलगी कपाटातली पुस्तकं काढायला त्या खोलीत स्कूटरचं हेल्मेट घालून गेली. सुरक्षेचं भान या वयातच यायला हवं.

सोमवार, १३ मे.
बायको त्या खोलीत दारातूनच झाडू फिरवते. आळस. बोलणार होतो, पण पंखा बंद असतानाही वरून टक् असा आवाज आला आणि विषय राहून गेला. उद्या ऑफिसातून लवकर येऊन नट घट्ट करायचे. नक्की.

मंगळवार, १४ मे. दुपारी ४.
बूट काढत होतो. मागून आवाज आला. तसा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. धावलो. पंखा पलंगावर पडला होता. ते वाकडं पातं उशीत आरपार घुसलं होतं आणि सगळीकडे नुसती धूळ. पलंगावर काही दिसेना. हातांनी चादर चाचपत राहिलो.
मग पाठीमागून वडिलांचा आवाज आला. तुला लागलं नाही ना, असं विचारत होते. काठी टेकत मुलीच्या खोलीतून आले होते. पहिल्या दिवसापासून ते तिथेच झोपतात. ती खाली गादी टाकते. मी सकाळी उठायच्या आत ते हॉलमधल्या खुर्चीत येऊन बसायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवार, १५ मे. संध्याकाळी.
इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला. म्हणाला, हुक स्लॅबमध्ये नव्हताच, नुसत्या प्लास्टरमध्ये होता. वडील म्हणाले, तो मीच लावला होता, पोपटाच्या पिंजऱ्यासाठी. म्हणजे त्यांनी आल्या आल्या ओळखला होता. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, तुझा चेहरा एवढा फुलला होता की सांगवेना. येत्या रविवारी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं आणि तोवर तुला आत फार वेळ थांबू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.
मला लाज वाटली. अजून वाटते आहे.
उद्या अकराला इलेक्ट्रिशियन नवा पंखा लावणार. मी रजा टाकून मदतीला थांबतो म्हणालो. वडिलांनी मला त्या वेळी ऑफिसात असण्याची विनंती केली. आजवर ते मला हुकूमच सोडत आले. विनंती ही पहिलीच.
उद्या साडेनऊलाच निघेन.