शेवटची नऊ पानं

ती. आईस,
कुंभकोणमहून नमस्कार. मी वेळेवर जेवते. बँकेतले लोक सांभाळून घेतात. घरमालकीण अलमेलूमावशी रोज कॉफी देतात; इतकी साखर का घालतात, कोण जाणे. तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

मावशींची नात जननी कढीपत्त्यावरच्या अळ्या बरणीत पाळते. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्यात आलेले, घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात. म्हणून तिला ते पुस्तक दिलं, रानात रमणाऱ्या गरीब मुलीचं, जे तू मला वाचून दाखवायचीस. परत आलं तेव्हा शेवटची नऊ पानं नव्हती.

माझा संशयी स्वभाव तुझ्यावरच गेलाय. चार दिवस मी तिच्या बरण्यांखालचे कागदसुद्धा निरखले. शेवटी विचारलंच.

“अक्का, देवाशपथ मी नाही!” पोर रडली. दुसऱ्या दिवशी शाळेतून त्याच पुस्तकाची तमिळ प्रत घेऊन आली आणि शेवट मला सांगितला.

मग मी आपल्या पुस्तकाची शिवण पाहिली. फाडल्या जागी हिरव्या दोऱ्याचे बारीक टाके आहेत. माझ्या शाळेच्या फ्रॉकला तू घालायचीस तसेच.

शेवट तू नेहमी तोंडीच सांगायचीस: ती मुलगी आईपाशीच राहते. तमिळ प्रतीत ती शिकायला दूर जाते. आणि अगदी शेवटच्या पानावर सुट्टीत आईच्या दारात उभी असते.

रागावले नाही गं. पानं तू टाकली नसशील, कुठल्यातरी साडीच्या घडीत असतील. काढ आणि वाच. मला संशय आहे, ती मुलगी निघून जाते तिथवरच तू वाचलंस.

दिवाळीचं तिकीट काढलंय.

तुझीच,
मृदुला