आईनं मागून घेतलेला पेला

अमरावती
७ एप्रिल २०२४

ती. माणिकताईस,
किशोरचा सा. न. वि. वि.

आमच्या घरावर घोर संकट आलं आहे. पाण्याचं मशीन तीन दिवस लाल दिवा लावून रुसलं होतं. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, जुना फिल्टर पाण्यातले क्षार काढतो, आता क्षार परत घालणारा फिल्टर बसवा. काढायचे पैसे वेगळे, घालायचे वेगळे! अगं, आपण तेल्हाऱ्याकडच्या खारपाण पट्ट्यातले. क्षार बादलीनं प्यालो, तेही फुकट. तुझी भावजय पौर्णिमा म्हणाली, शेजाऱ्यांकडे आहे. बसवला. आता पाणी कशासारखंच लागत नाही, आणि मला उगीचच गावची तहान लागते.

आई पाणी पिते का? पेला तोंडाशी नेते नि परत ठेवते, असं तू लिहिलं होतंस. फोनमधला मी तिला खोटा वाटतो, म्हणून हे पत्र तिला वाचून दाखव.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा किशोर

अकोला
१४ एप्रिल २०२४

चि. किशोरास माणिकचे अनेक आशीर्वाद.

पत्र आईले वाचून दाखवलं. म्हणते, याले पगार जास्त झाला काय?

आता इकडचं ऐक. नळ येते आठ दिवसांनी, म्हणून आमी प्रीतमच्या गाडीवरून 'शुद्ध' पाण्याचा कॅन घेतो. आई त्याले तोंड लावत नव्हती. म्हणे, पाण्याले चवच नाही, औषध पाजून राहिली काय? डॉक्टर म्हणाले, अशानं सलाइन लावा लागीन. अन् परवा तिनं अख्खा पेला संपवला, वरतून दुसरा मागून घेतला! म्हणाली, हे तर आपल्या विहिरीचं आहे, किशोर आला काय?

मी घोट घेतला तर खारट. प्रीतमले धरलं, तवा कबूल झाला. मशीन बिघडली होती, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सरळ बोअरचं भरलं. अशी झाडली त्याले, सारी गल्ली जमली. आता दुसऱ्याचा कॅन येते. पाणी शुद्ध आहे, अन् आई पेला परत ठेवते. विचारते, विहिरीचं पाणी आणणारा माहा किशोर काहून येत नाही? मी आता काय सांगू तिले? तूच ये.

वाट पाहून राहिली,
माणिक

अमरावती
२२ एप्रिल २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

अकोल्याहून सुखरूप पोचलो. निघताना तुला एक सांगितलं नाही. स्टँडवर जायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, बोअरचं पाणी उकळून दिवसाला दोन पेले चालतील, पोटात पाणी जाणं महत्त्वाचं. तिथून प्रीतमकडे वळलो. मला पाहताच तो दुरुस्त झालेलं मशीन दाखवायला धावला. म्हटलं, मशीन राहू दे बापू, आमच्या घरी रोज एक बाटली बोअरचं देत जा. तो म्हणाला, साहेब, त्याचे पैसे कशे घेऊ? पाण्याच्या धंद्यात लाजणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

उद्यापासून तो येईल. दारात उभं करू नकोस, आईपर्यंत जाऊ दे. तिनं माझ्या नावानं हाक मारली, तर त्याला 'ओ' दे म्हणून सांगितलंय.

आणि त्या खारट कॅनचे पैसे तू दिले नव्हतेस, असं कळलं. ते देऊन आलो.

आहे तशीच माया असू दे.
तुझा किशोर