जिना तुझ्या भावजयीच्या नावावर

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरंच ठेवलं असतं तर मला उठवायला दोन माणसं लागली असती, म्हणून पत्रातच ठेवतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यावर आता वाचता येतं ना? येत नसेल तर हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. भाच्याकडूनही नको. भिंग घे, खिडकीशी बस आणि एकेक ओळ स्वतः वाच. पाकिटाला मी तिन्ही बाजूंनी डिंक लावून वरून चिकटपट्टी मारली आहे. ती आधीच उचकटलेली दिसली तर घरात काही बोलू नकोस, नुसतं मला कळव.

इकडे आम्ही ठीक. माझा रक्तदाब ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता चिरंजीवांकडे बघतात. तुझी भावजय बरी आहे. दुकान चालू आहे. आता लोक फोटो फोनमध्येच बघतात, तरी निवृत्त होणारे आणि गेलेले यांना अजून फ्रेम लागते, त्यामुळे आपलं भागतं.

आमच्या शेजारचा शिंपी तुला आठवत असेल. माझ्या लग्नातल्या पँटचे दोन पाय ज्याने दोन मापांचे शिवले होते तो. तो गेल्या वर्षी गेला. कागदबिगद काही करून ठेवला नव्हता. पोरं रडली, पोरं भांडली आणि चौथ्या महिन्यात घर विकून मोकळी झाली. शिंपीण आता मुलीकडे मागच्या खोलीत असते. खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल, दोन मोडके पंखे आणि ती. दुपारी आमच्या दुकानावरून जाताना ती थांबते आणि आपल्या जुन्या दाराकडे बघते. त्या दाराला मोबाइल दुरुस्तीवाल्याने निळा रंग दिलाय. तुझी भावजय तिला आत बोलावून चहा देते, आणि ती गेल्यावर कपबशी विसळताना माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. ती न बोलता जे बोलते ते मला पन्नास वर्षांत नीट कळायला लागलंय. तेव्हाच मी ठरवलं, की माझ्यामागे हिला या घरातून कुणी हलवता कामा नये. बस्स, एवढंच मला हवं होतं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

(कोपऱ्यावरचे टायपिंगवाले म्हणाले, मृत्युपत्र म्हणू नका, इच्छापत्र म्हणा. पण मला सहावीपर्यंतच्या शाळेत एक गोष्ट पक्की कळली होती, की कडू औषधाच्या बाटलीवर फळाचं चित्र असलं तर औषध जास्तच कडू असतं.)

मी जेवताना एकदाच, सहज म्हणून, मृत्युपत्र हा शब्द उच्चारला. अक्का, त्या दिवसापासून या घरात सगळे माझ्याशी चांगले वागायला लागले. तूच सांग, माणसाने घाबरू नये तर काय करावं? सूनबाई विचारते, "बाबा, चहात साखर कमी घालू का? तुमच्या तब्येतीला बरं." म्हणजे कागदावर सही होईपर्यंत मला धडधाकट ठेवायचं! चिरंजीवांनी जिन्याला कठडा बसवून घेतला. वीस वर्षं मी ओरडतोय की कठडा बसव, तेव्हा वेळ नव्हता. मुलगी दर रविवारी यायला लागली. जावई तर माझ्या विनोदांवर हसायला लागला, आणि माझे विनोद कसे असतात ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

मग मी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन मृत्युपत्र लिहायला बसलो. घर एकट्या हिच्या नावावर करावं, तर गोड बोलून उद्या तिच्याकडून कुणीही सही घेईल. (ती सही करते. पेपरवाल्याने एकदा घेतली, अजून आमच्याकडे शेतीविषयक मासिक येतं.) पोरांच्या नावावर करावं, तर शिंपिणीचं झालं तेच. तेव्हा मी डोकं चालवलं. वरच्या दोन खोल्या चिरंजीवांना दिल्या, पण वर जायचा जिना तुझ्या भावजयीच्या नावावर ठेवला. स्वयंपाकघर सुनेला, पण त्यातला नळ भावजयीला. दुकान मुलीला, पण दुकानाचं शटर भावजयीला. न्हाणीघर सगळ्यांचं, मात्र त्याची कडी भावजयीची. आता काढ म्हणावं तिला घराबाहेर! तिला काढलं तर कुणाला वर जाता येणार नाही, पाणी पिता येणार नाही आणि अंघोळही करता येणार नाही. लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचलं आणि मला माझंच कौतुक वाटलं.

पुढचा प्रश्न साक्षीदारांचा. टायपिंगवाले म्हणाले, दोन साक्षीदार पाहिजेत आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घेतलेले बरे. मी परीक्षा म्हणून चिरंजीवांनाच विचारलं, सही करतोस का. तो म्हणाला, "मला कशाला त्यात ओढता, बाबा?" म्हणजे याला नियम ठाऊक आहे. कुणी सांगितला? जावयाला विचारलं, तर त्याने लगेच खिशातून पेनच काढलं. आता याला एवढी घाई कशाची? शेवटी न्हावी आणि चष्मेवाला, दोघांना दुकानात बोलावलं. कागदावर पुठ्ठा ठेवून मी फक्त सहीची जागा उघडी ठेवली होती. चष्मेवाल्याने गुपचूप सही केली, त्याला दिसतं कमीच. न्हावी मात्र भडकला. "तीस वर्षं तुमच्या गळ्याशी वस्तरा धरतोय, तेव्हा डोळे मिटून बसता, आणि आज मला चार ओळी दाखवायला घाबरता?" मी म्हटलं, वस्तऱ्याची गोष्ट वेगळी, वस्तऱ्याने फक्त जीव जातो. त्याने सही केली, पण त्या महिन्यात माझ्या डाव्या कानामागचे केस मुद्दाम ठेवले.

कागद ठेवायचा कुठे? कपाटाच्या किल्ल्या हिच्याकडे, बँकेत चिरंजीव सोबत येणार, गादीखाली सूनबाई झाडते. मी फ्रेमवाला माणूस. काच, फोटो, पुठ्ठा आणि मागून तपकिरी कागद, यांच्या मधल्या जागेत काय आहे ते जन्मात कुणी बघत नाही. भिंतीशी एक तयार फ्रेम टेकवलेली होती. तिच्यात फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये मी मृत्युपत्र सरकवलं, बारीक खिळे ठोकले, कागद चिकटवला आणि निवांत झोपलो.

चार दिवसांनी बघतो तर फ्रेम गायब!

अक्का, मी काय केलं ते तुला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी सूनबाईचं कपाट उपसलं. चिरंजीवांच्या गाडीची डिकी उघडली. मुलगी आली होती तिच्या पिशवीत हात घातला, तर हाताला माझ्यासाठीच आणलेले लोकरीचे मोजे लागले. (मोज्यांच्या आतही बघितलं.) सूनबाईने मला तिच्या साड्यांमध्ये खांद्यापर्यंत शिरलेला पकडलं आणि विचारलं, "बाबा, काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही, वाळवी बघतोय. त्यावर तिने सगळ्या साड्या उन्हात घातल्या आणि मला सरबत करून दिलं. मी ते कुंडीत ओतलं. कुंडीतलं झाड अजून जिवंत आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

पाचव्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. त्यांच्या निवृत्तीचा फोटो आम्हीच फ्रेम केला होता, आणि तो मीच, स्वतःच्या हाताने, दोरीने बांधून त्यांच्या शिपायाला दिला होता. बाईंचं म्हणणं, फोटोत त्यांचं पोट पुढे आल्यासारखं दिसतं. मागून पुठ्ठा उघडला तर पोटामागे माझं मृत्युपत्र निघालं. बाईंनी ते वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, तपासलं होतं. भर दुकानात, चिरंजीव, सूनबाई आणि तुझी भावजय यांच्या देखत बाई मला म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघर एकीला आणि नळ दुसरीला? आणि जिना आईचा, तर हा मुलगा वर काय दोरीने चढणार?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सूनबाई एवढंच म्हणाली, "बाबा, आम्ही आईंना बाहेर काढू असं वाटलं तुम्हाला?" (वाटलं होतं. अजूनही पूर्ण गेलेलं नाही. पण तिचे डोळे भरले होते हे लिहायला पाहिजे. डोळे कांद्यानेही भरतात, पण दुकानात कांदे नव्हते.)

दुसऱ्या दिवशी चिरंजीव मला वकिलाकडे घेऊन गेले. वकील म्हणजे तरणाताठा माणूस. त्याने मृत्युपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिला. त्याने दोनचार गोष्टी समजावून सांगितल्या, की कडी आणि नळ वेगळे काढून देता येत नाहीत, हिला मरेपर्यंत राहण्याचा हक्क सरळ दोन ओळींत लिहून ठेवता येतो, वगैरे. त्याने एक बारीकशी शंकाही काढली. ती विशेष नाही, खाली लिहीन.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या सुनेला आणि माझ्या भाच्याला आशीर्वाद. पत्राचं उत्तर घरी न पाठवता न्हाव्याच्या पत्त्यावर पाठव, तो आता माझ्याशी पुन्हा बोलायला लागलाय.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – वकिलाची शंका अशी, की घर कुणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, वडिलांच्या. वडिलांनी काही लिहून ठेवलंय का? नाही. भावंडं किती? एक थोरली बहीण. त्यावर त्याने पेनाला टोपण घातलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही जे वाटताय त्यातलं अर्धं तुमचं नाहीच." सोबत एक कागद ठेवला आहे. हक्कसोड म्हणतात. जिथे फुल्या केल्या आहेत तिथे सह्या करून लवकर पाठव. पत्र एवढं लांबलं ते खरं यासाठीच.

ता. क. २ – वरचं लिहून हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अर्धं घर वन्संचं आहे हे मला मामंजी गेले तेव्हापासून ठाऊक आहे. तुम्हीच कधी विचारलं नाहीत त्यांना." अक्का, वडील जाऊन एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं मी पोराबाळांच्या, जावयाच्या, न्हाव्याच्या हातांकडे बघत बसलो, आणि तुझा वाटा दाबून बसलेला माणूस रोज आरशात मलाच भांग पाडताना दिसत होता. शिवाय आता आठवतंय, वकिलाच्या जिन्यात चिरंजीव म्हणाले होते, "आत्याची सही घेऊन टाका, मग सगळं सुटसुटीत होईल." सुटसुटीत कुणाला? तेव्हा सही करू नकोस. तुझं अर्धं तुझ्याकडेच ठेव. तुझ्या सहीवाचून हे घर कुणाला विकता येणार नाही, आणि तू तुझ्या भावजयीला बाहेर काढणार नाहीस. अख्ख्या नात्यात एवढी एकच गोष्ट अशी आहे, जिच्याबद्दल मला शंका घेता येत नाही. बराच प्रयत्न केला.

ता. क. ३ – पाकिटाला डिंक लावताना लक्षात आलं, की तुझ्यामागे तुझं अर्धं भाच्याकडे जाणार. पोरगा चांगला आहे, मी काही म्हणत नाही. पण तू तुझ्या भावजयीपेक्षा निदान एक दिवस तरी जास्त जगायला पाहिजेस. ती तुझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहे, हे मला माहीत आहे. जमव.