नारिंगी पट्टा

दि. ३, सोमवार

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. येऊन तीन आठवडे झाले. पहिला आठवडा पोट बिघडण्याची वाट बघण्यात गेला. ते बिघडलं नाही. दुसरा चष्मा शोधण्यात गेला; तो तू बांधून दिलेल्या कानटोपीत निघाला. शिवाय इथून टपाल आठवड्यातून एकदाच जातं, आणि चौथी पास माणसाला चार ओळी लिहायला चार दिवस लागतात.

तुझी भाची खुशाल आहे. जरा वाळली आहे, पण तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे. आपली भिंगरी सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांना गाडीतून जंगल दाखवते. गाडीला ना दारं, ना काचा. मी विचारलं, सिंह आत आला तर? ती म्हणाली, आपण शांत बसलो तर तो येत नाही. मी म्हटलं, हे त्याला कोणी सांगितलंय का? तर हसत सुटली.

पण ठकी, जनावरं बघावीत! झेब्र्याचे पट्टे दोन्ही कुशींवरून वर येतात आणि पाठीवर बरोबर जुळतात. पन्नास वर्षं मी पट्ट्यांचं कापड शिवलं, बगलेत पट्टा इतका बिनचूक कधी जुळला नाही. जिराफ बघून मात्र छातीत धस्स झालं. नुसत्या गळ्यालाच किती कापड लागेल! आणि गवत तर इतकं लांबवर पसरलेलं, की या ताग्याची घडी घालायची कुठून, तेच कळत नाही.

इथे चाळीसारख्या दहा खोल्या आहेत आणि माणसं सतरा ठिकाणची. प्रत्येकाची भाषा वेगळी, पेहराव वेगळा, देव वेगळा. मला त्यांचं काही कळत नाही, त्यांना माझं. पण स्वयंपाकीणबाईंकडे शिलाई मशीन निघालं. मी गळ्यात टेप अडकवून ओट्यावर बसलो, तर दुसऱ्या दिवशी फाटक्या कपड्यांची रांग लागली. मापं घेताना बघितलं, सगळ्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरता. आपल्याकडे असतो तसाच.

आता मुख्य गोष्ट. येत्या २४ तारखेला पोरीची परीक्षा आहे. तपासनीसबाई तिच्या गाडीत बसणार. पास झाली तर नोकरी कायम. नापास झाली तर पोर घरी परत. तिकडून निघताना मी तिच्या खोलीला रंग लावून घेतला, तेव्हा तू विचारलं होतंस, कशाला? कशाला ते तुला कळलंच असेल.

परीक्षेसाठी तिला नवं जाकीट मिळालंय, मातकट रंगाचं. त्या गवतात पाच पावलं गेली की पोर दिसेनाशी होते. मी त्याच्या पाठीवर आणि बाह्यांवर चांगला हातभर नारिंगी पट्टा बसवतोय. जत्रेत हरवली होती तेव्हा माझ्या हातच्या नारिंगी झग्यामुळेच सापडली ना? गाडी कुठे बंद पडली तर लांबून दिसेल. दुहेरी टीप मारली आहे, जन्मात उसवायची नाही. आतून कारखान्याने दोरे लोंबते ठेवले होते, तेही सगळे दाबून पातळ पट्टीने बंद केले. लहानपणी माझ्या मशीनजवळ बसून विचारायची, बाबा, आतून कोण बघतंय? अजून तीच सवय, कपड्याची आतली बाजू बघतच नाही. तिला यातलं काही सांगितलं नाही. परीक्षेच्या सकाळीच देणार.

दुकानाचं कुलूप ओढून बघत जा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. १८, मंगळवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच हाती पडलं आणि वाचता वाचता चहा उतू गेला. अरे दादा, तो पट्टा आधी काढ! भिंगरीने मला मागेच लिहिलं होतं, जंगलात भडक रंग घालून जायला मनाई आहे, जनावरं बुजतात. तुला नाही का बोलली? बोलली असेल, तू तेव्हा सिंहाचं टेन्शन घेऊन बसला असशील.

कुलूप मी रोज ओढते. शेजारचा घड्याळजी म्हणतो, ओढून ओढून कुलूपच तुटेल, मग दादांना काय सांगाल? तुझ्या मशीनवर मांजरीने बस्तान बसवलंय. उठवलं तर माझ्याकडे असं बघते, जणू मीच गिऱ्हाईक.

एक विचारते, रागवायचं नाही. पोर पास व्हावी असं तुला खरंच वाटतं का रे? खोलीला रंग दिलास तेव्हा नुसतं कशाला विचारून मी गप्प बसले. पण तू एवढा जुना शिंपी. गणवेशाला हात लावायचा नसतो, हे तुला कळत नाही असं कसं मानू?

तब्येत सांभाळ. माया आहे म्हणूनच टोचून बोलते.

तुझी,
ठकी


दि. ३०, रविवार

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं, म्हणजे परीक्षा होऊन पाच दिवसांनी. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सोमवारी पहाटे मी मोठ्या तोऱ्यात जाकीट उलगडून दाखवलं. पोर मटकन खाटेवर बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग हळू आवाजात म्हणाली, बाबा, हे घालून गेले तर मला गाडीतसुद्धा बसू देणार नाहीत. जुनं जाकीट मागायला लागली, तर ते मीच दुरुस्तीला म्हणून आदल्या दिवशी पार उसवून ठेवलेलं. कात्री घेतली, पण दुहेरी टीप! एक टाका निघतोय तोवर तिने कात्री काढून घेतली. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. गणवेश आहे हे मला कळत होतं. पण तो अंगावर असताना पोर हरवू नये, एवढंच डोक्यात होतं. नापास व्हावी म्हणून मी एक टाकाही घातला नाही. पण ती तिथे खाटेवर बसली होती ना, तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात त्या रंगवलेल्या खोलीचा वास आला. क्षणभरच. त्याची लाज अजून गेलेली नाही.

मग तिने काय केलं असेल? जाकीट उलटं केलं आणि अंगात घातलं! पट्टा गेला आत. बाहेर सगळं मातकट, कुठे दोरा नाही, कुठे कच्ची कड नाही. खालचा दोरा मी कापडाच्याच रंगाचा घेतला होता, म्हणून पट्ट्याची टीपसुद्धा दिसेना. बटणं कशीबशी आतून लावली, खिसे आत गेले म्हणून शिट्टी गळ्यात अडकवली, आणि पळाली.

मी ओट्यावर बसलो. त्या दिवशी तीन माणसांच्या विजारी एकाच मापाच्या केल्या. स्वयंपाकीणबाईंनी शेवटी मशीनचा पट्टाच काढून ठेवला.

दुपारी गाडी आली. झेब्र्यांचा कळप इतक्या जवळून गेला, म्हणे, की पाहुण्यांना त्यांच्या पापण्या मोजता आल्या. उतरताना तपासनीसबाईंनी पोरीच्या खांद्यावरच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, या जाकिटाला खिसे कसे नाहीत? पोरीने खरं ते सांगितलं. बाई इतक्या हसल्या की टोपी पडली. पास केलं, आणि जाताना स्वतःचा कोट माझ्यासाठी ठेवून गेल्या, अस्तर बदलायला.

पोर माझ्याजवळ येऊन बसली, लहानपणी बसायची तशी, मशीनच्या बाजूला. म्हणाली, बाबा, आतून कोण बघतं ते आज कळलं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. तोही तिनेच ओवून दिला.

पट्टा उसवायला मला दोन दिवस लागले. त्याचा मी तिच्या खिडकीला पडदा केला. खिडकीत भडक रंग चालतो, आधी विचारून घेतलं. संध्याकाळी ती जंगलातून परतते तेव्हा तिला आपली खोली लांबून दिसते.

तर तिकडची ती रंगवलेली खोली आता तू घे, तुझ्या खोलीत ऊन येत नाही. मी अजून महिनाभर थांबतो, बाईंचा कोट व्हायचाय. सोळा नंबरच्या सुया पाठव. मांजरीला मशीनवर बसू दे, पण चाकात शेपटी जात नाही ना, ते बघ, आणि तेवढं लगेच कळव. तुझं पत्र येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असेल.

तुझा,
दादा