लेखक वारल्याचं साल

प्रिय बापू,

आज पाय फार दुखून राहिलेत. सिद्धेश्वरच्या पलीकडं गंगामावशीच्या गावाला जाऊन आले, फाट्यापासून चालत. तरी आल्या आल्या लिहायला बसले, कारण हे तुम्हाला सोडून सांगू कुणाला? मावशीनं साल सांगितलं, बापू! तिचे वडील, आपल्या बैलांच्या औषधांच्या पुस्तकाचे लेखक, कोणत्या साली वारले ते. त्यासाठी तुम्ही किती वर्षं जोडे झिजवले.

वाचनालयातली ती एकच प्रत, हात लावला की पानांचा भुगा पडायचा. अमेरिकेला गेलेला तुमचा विद्यार्थी म्हणाला, सर, पानांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवू, कुणीही फुकट वाचेल. फक्त पुस्तकावरचा हक्क संपलाय का ते कळवा. तिकडं एवढ्या जुन्या पुस्तकाचं छापल्याचं साल बघतात, आपल्याकडं लेखक वारल्यावर साठ वर्षं मोजतात. छापल्याचं साल होतं, पण निजामाच्या काळातलं, फसली सनाचं, म्हणजे इंग्रजी सालाच्या पाचशे नव्वद वर्षं मागं चालणारं. त्याला वाटलं, पुस्तक सातशे वर्षांचं आहे! तो घोळ तुम्हीच निस्तरला, आणि तिकडं पुस्तक मोकळं निघालं.

इकडं मात्र अडलं. लेखक कधी वारले विचारल्यावर तुम्ही मोठ्या झोकात कळवलंत, भाद्रपद वद्य अष्टमी. आणि साल? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पितृपाटात अष्टमीला पान वाढायचं, एवढ्यावर मावशीच्या घराचं भागत होतं. मी किती हसले तुम्हाला! माझं चुकलंच.

मग दरसाल अष्टमीला तुम्ही तिथं जेवायला जायचात आणि साल विचारून यायचात. दम लागायचा तरी. काहून एवढा हट्ट, बापू? मला म्हणायचात, चल सोबत. मला कायम शाळेचं काम. यंदा तुम्ही या जगात नाहीत, म्हणून आज मी गेले.

वाढता वाढता मावशीला आठवलं. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून पळालो, त्याच साली बाप गेला, म्हणाली. म्हणजे अठ्ठेचाळीस साल. मी बोटं मोजली, साठ वर्षं दोन हजार आठला भरणार. अजून चार वर्षं! तोवर पानं टिकतात का? मला रडूच आलं. काय झालं म्हणाली, तर तिला सगळा कायदा सांगितला, की साठ वर्षं होईस्तोवर हक्क घरच्या वारसांचा.

"वारस म्हंजे कोण?"

"तुम्हीच की मावशी. तुम्ही एकुलत्या."

"मग घे की. म्या देते. तुझे बापू दरसाली यायचे, बाप कवा मेला तेवढंच इचारायचे. मला काहून न्हाई मागितलं?"

आपण दोघं शिकलेली माणसं. समोर ताट वाढणाऱ्या लेकीची परवानगी असती, तर तिकडचा नियम काय आणि इकडचा काय, सगळं त्याच दिवशी मिटलं असतं. तुमच्या डोळ्यांदेखत. आता कशाचा आनंदही होत नाही, नुसता थकवा आलाय.

मी वहीच्या कागदावर परवानगी लिहिली, तिनं खाली अंगठा दिला. बोट पुसत म्हणाली, "त्यात माझ्या बापानं काय लिवलं, ते आजवर कुणी वाचून न्हाई दाखवलं."

कागद उद्या हिंगोलीहून पाठवते. पण बापू, फोटो नंतर. रविवारी पुस्तक कापडात बांधून मावशीकडं नेते आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवते. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
सुमन