न हलणारी स्टिक

वणी,
गुरुवार, १९ जून २०२५

कशफताई,

सलाम, आणि माझा नेहमीचा जय भीम. नेरला तू, भाऊजी आणि छोटी मजेत असाल. शाळा उघडायची तयारी चालू असेल, नव्या वह्यांना कव्हरं घालणं वगैरे. मी बरा आहे. सध्या वणीत आहे. तू म्हणशील, वणीत कायले? सांगतो.

इथे धूळ फार. दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पांढरा शर्ट घातला तर दुपारी त्याचा रंग कोणाला विचारू नये. हिरासिंग म्हणून एक जण आहे, त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या हाताखाली लागलो. माणूस चांगला आहे. मला त्यांची बंजाऱ्यांची गोरबोली शिकवतो, पण जेवायला हाक मारली की समजण्यापुरतीच आली अजून. परवा त्याच्या बायकोनं अशी तिखट भाजी केली होती की मी ताटावरून उठून रांजणाशी जाऊन बसलो, आणि ते दोघं हसून हसून...

जाऊ दे. मी हे कागदावर काहून लिहितोय ते तुला कळलं असेल. फोनवर मी काय करतो तुला माहीत आहे. हो-हो म्हणतो, छोटीचं विचारतो आणि ठेवून देतो. मागच्या आठवड्यात तू विचारलंस, अब्बा दुकान बंद करतो म्हणून राह्यले, तुले काही बोलले का? मी म्हटलं, उन्हानं वैतागले असतील. ते खोटं होतं ताई. ते दुकान का बंद करतायत ते मला माहीत आहे. कारण चुकीचं आहे हेही माहीत आहे. आणि ते चुकीचं कारण त्यांच्या डोक्यात राहू दिलं ते मीच.

रमजान ईदला तू यवतमाळला आलीस तेव्हा चाचांच्या काटे-दुरुस्तीच्या दुकानात ती काळी स्टिक पाहिली होतीस. धरून ओढलीस, हलली नाही, तेव्हा म्हणालीस की अब्बांनी खिळा ठोकून ठेवलेला दांडा विकायला काढला. चाचा किती हसले होते. ती वणीच्या घनश्यामसाठी होती. हा घनश्याम ट्रान्सपोर्टवाल्यांचा मुलगा. चष्मा जाड, त्यामुळे पायलट व्हायचं राहून गेलं. म्हणून मागच्या खोलीत खुर्ची, तीन स्क्रीन आणि पायाखाली पॅडल लावून यानं घरातच विमान केलंय. त्याला गेम म्हटलेलं चालत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. मी पहिल्या दिवशी गेम म्हटलं तर त्यानं चहा अर्धाच दिला.

काही लढाऊ विमानांची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, म्हणे हलतच नाही. तुम्ही नुसता जोर द्यायचा, ती जोर ओळखते, विमान वळतं. घरच्या सिम्युलेटरसाठी तशी स्टिक मिळते, पण बाहेरून आणावी लागते आणि भारी महाग. याला कोणीतरी सांगितलं, किराणा दुकानातल्या काट्याच्या पोटात जो लोडसेल असतो, म्हणजे तो धातूचा तुकडा, वजन पडलं की डोळ्याला न दिसेल इतका वाकतो अन् आकडा दाखवतो, त्याच्यावरच अशी स्टिक बनते. तो बिचारा लोडसेल विकत घ्यायला आला होता. चाचा म्हणाले, नुसता तुकडा नेऊन काय करतो, अख्खी स्टिक बनवून देतो. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर साखर अन् तुरीची डाळ मोजणारे काटे दुरुस्त केले, आता विमान मोजायचं होतं.

एक लोडसेल पुढच्या-मागच्या जोराला, एक डाव्या-उजव्याला. कॉम्प्युटरवर जोराची रेघ दिसते. हात स्थिर तर रेघ सरळ. चाचांनी धरली की रेघ विळ्याच्या दातांसारखी, आणि विमानाचं नाक थरथर करायचं.

आता तुला आपला धंदा माहीत आहे. मी आपला म्हणतो, चालेल ना? काट्याचा आकडा नाचला तर पहिले पंखा बंद करायचा, मग टेबल बघायचं, मग वायर. काट्यावर ठेवलेला गूळ कधी स्वतःहून नाचत नाही. नाचवते ती हवा, नाहीतर यंत्र. चाचांनी मला कामावर ठेवलं त्या पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं. म्हणून भर मे महिन्यात आम्ही पंखा बंद करून, शटर अर्धं ओढून बसलो. चाची दारातून म्हणायची, भट्टीत बसून राह्यले दोघं, विमानात बसाच्या आधी वर जाता का? टेबल हलत असेल म्हणून चाचांनी चाचीचा पाटाच उचलून आणला स्टिकखाली. तेव्हापासून घरात मिक्सरची चटणी आणि त्यासोबत टोमणे. वायर बदलली. वायरच्या जोडाचं सोल्डर काढून पुन्हा केलं. लोडसेलही बदलले. रेघ तशीच.

एका दुपारी चाचा नमाजला गेलते तेव्हा... बघ, गेले होते लिहायचं तर गेलते लिहिलं. चाचा गेले होते. मी सहज हात ठेवला. रेघ सरळ, दोरी ताणल्यासारखी. मी पंखा लावला. सरळ. पाटा काढला. सरळ. मला वाटलं, झालं, जमलं. चाचा आले, त्यांना म्हटलं धरा. त्यांनी धरली आणि दाते उठले.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात एकदम शांत दिसत होता ताई, खरंच. डोळ्याला काहीच नाही. पण मग एकेक आठवायला लागलं. ते कप अर्धाच भरा म्हणतात हल्ली. बारीक स्क्रू असला की, डोळे गेले बे माहे, म्हणून स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवतात. सही करताना मनगट टेबलावर दाबून धरतात.

थरथर हातातच असेल हे चाचांना सुचलंच नाही. त्यांच्या लेखी हात म्हणजे गूळ, तो नाचत नसतो. ते रोज नवीन वायर शोधत होते आणि मी शेजारी बसून त्यांना वायर सोलून देत होतो.

मग मी एक केलं. कॉम्प्युटरमध्ये सोय असते, बारीक जोर मोजूच नको असं सांगायची. ती मी गुपचूप वाढवली. चाचांनी धरली, रेघ सरळ. त्यांनी आत हाक मारून चाचीला दाखवली, मला जिलबी आणायला पाठवलं. मी जिलबी घेऊन येतो तर ते एकटेच स्टिकसमोर बसलेले. एका बोटानं तिला हलकं टेकत होते. रेघ उठत नव्हती. कापसाचं बोंड ठेवलं तरी उठली पाहिजे अशी त्यांनी बनवली होती.

म्हणाले, "संघदीप, खरं सांग. तू आतून काही केलं का?"

"नाही चाचा."

"मंग माहं सोल्डरच कच्चं झालं बेटा. जिथं हात लावतो तिथं कच्चं."

जिलबी कोणीच खाल्ली नाही.

बकरीदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टिक पिशवीत घालून मला दिली. म्हणाले, घनश्यामला फुकट दे, आणि आपल्या दुकानाचं नाव सांगू नको. त्याच दिवशी जिनिंगवाल्यांचा काटा आला होता, तो त्यांनी हात न लावता परत पाठवला. म्हणाले, दुसरीकडं दाखवा, माह्या हातचं आता पक्कं नाही राह्यत.

मी स्वतःला समजावत होतो की बिघडलेली स्टिक हे लहान दुःख आहे आणि बिघडलेला हात मोठं, तर लहानच देऊ त्यांना. पण कशफताई, चाचांसाठी ते उलटं आहे. हात दुखला तर ते हळद लावतील. काम कच्चं निघालं तर ते जेवत नाहीत. तू त्यांची मुलगी आहेस, तुला हे मी काय सांगू.

वणीला आलो. घनश्यामकडे ती सोय पुन्हा कमी केली, आणि त्यानं हात ठेवला. त्याचं विमान नागपूरच्या धावपट्टीवर असं उतरलं की खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं श्वास सोडला. चष्मा काढून पुसला. म्हणाला, माझी महागडी हलणारी स्टिक याच्यापुढं खेळणं आहे. मग विचारलं, "हे कोणी बनवलं?"

मी म्हटलं, "मीच."

दुकानाचं नाव सांगू नको म्हणाले होते, असं मी मनात म्हणत होतो. पण नाव न सांगणं वेगळं आणि स्वतःचं सांगणं वेगळं. त्यानं व्हिडिओ काढून सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, माझ्या नावासकट. आता नागपूरचे दोघं म्हणतात, आम्हालाही बनवून दे. मी काय बनवणार? मला सरळ सोल्डर येत नाही, चाचा माझ्या सोल्डरला कबुतराची शीट म्हणतात. ज्याला येतं त्याला वाटतंय आपल्याला येत नाही.

एक अजून आहे. ते लिहायचं टाळत होतो, मधे उठून दोन ट्यूब भरून आलो. मी गप्प बसलो ते फक्त चाचांचं मन राखायला नाही. मला भीती वाटली की हात गेला असं कळलं तर ते म्हणतील, संघदीप, आता तू धर सोल्डरिंग. आणि मला तिथंच राहावं लागेल. सुरत, हैदराबाद, नागपूर, कुठं मी सहा महिन्यांवर टिकलो? चाचांनी एकदाही म्हटलेलं नाही असं. मी त्यांच्या न म्हटलेल्या शब्दाला घाबरून पळालो. ज्या घरात मला वाढल्यावर पुन्हा विचारायचे, पोट भरलं का रे, त्या घरातून.

आता हे नीट वाच. मी डॉक्टर नाही. नस दबली असेल, साखर असेल, कदाचित साधंच काही असेल. पण त्यांना नसांच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे, लवकर. ते गरम सोल्डरिंग हातात धरतात आणि स्कूटर चालवतात. चाचीला एकदम सांगू नको. आणि चाचांना हे दोन्ही सांगितलं पाहिजे, एकटं एक नाही. हात दाखवायचा आहे. काम पक्कं आहे. इतकं पक्कं की जे त्यांना, चाचीला, कोणालाच दिसलं नाही ते त्या स्टिकनं पकडलं.

माझं नाव सांगू नको असं मी लिहिलं होतं. ते खोडलंय.

रविवारी यवतमाळला येतो. घनश्यामला स्टिकसकट सोबत आणतो. स्टिक कोणी बनवली ते त्याला उद्याच सांगतो, तो काय म्हणेल ते म्हणो. चाचांसमोर आधी तो धरेल, मग मी, मग त्यांना धरायला सांगेन. तू तिथं पाहिजेस ताई. रेघ बघितल्यावर ते कोणाकडे तरी बघतील, आणि तेव्हा माझ्याकडे बघावं असं मी काही केलेलं नाही. नंतर त्यांनी जा म्हटलं तर जाईन. सोल्डरिंग धर म्हटलं तर धरेन, कबुतर तर कबुतर.

हे पत्र आता स्पीडपोस्टनं टाकतो, शनिवारपर्यंत तुला मिळेल. घनश्यामकडे जायच्या आधी टाकतोय. ते तुझ्या हातात पडलेलं असलं की मला रविवारी दुसऱ्या कुठल्या बसमध्ये चढता येणार नाही.

छोटीचा माझ्यातर्फे लाड कर. भाऊजींना सलाम.

तुझा भाऊ असं लिहायची हिंमत रविवारनंतर आली तर येईल. आज नुसता,

संघदीप