एकच हात दोनदा

प्रिय नोएमी,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं, ह्यूस्टनची वेळ. त्या क्षणी तू सगळ्या जगाला उजवा हात दोनदा दाखवलास.

टीव्हीसमोर तुझा बाप रोडोल्फो, मी आणि मक्याच्या पानात वाफवलेले परातभर तमाले. तू अंतराळ स्थानकाच्या बाहेर लोंबकळत थंडाव्याचा बिघडलेला पंप बदलत होतीस. खालून नियंत्रण कक्षाने विचारलं, "नोएमी, हातमोजे बघू." टोपावरच्या कॅमेऱ्यासमोर तू हात धरलास, मग पुन्हा धरलास आणि म्हणालीस, "दोन्ही ठणठणीत." रोडोल्फो खुर्चीतून उठलाच. "अगं लाला, बघ बघ, पोरगी मला हात करतेय!" मी म्हटलं, "खाली बस, तमाले सांडशील." मला काय दिसलं, ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तिथेच बसकण मारून राहिला असता, शुक्रवारपर्यंत.

बाई गं, एकतीस वर्षं मी ते हातमोजे शिवले आणि तपासले. उजव्याच्या मनगटावरची दुहेरी शिवण माझी आहे. निवृत्त होण्याआधी मीच ती उसवून पुन्हा घातली होती. आधी तू तळवा दाखवलास, मग तोच हात उलटा करून मागची बाजू. शिवण दोन्ही वेळा दिसली. डावा लपवलास, कारण अकरा मिनिटांपूर्वी तो बाहेरच्या धरायच्या दांड्याला अडकला होता आणि तू हिसका देऊन सोडवलास. बारीक उल्कांनी टोचून टोचून ते दांडे किसणीसारखे झालेत, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. चीर पडली की काम टाकून आत यायचं, हा नियम. तुझे दोन बोल्ट राहिले होते आणि आत सहा माणसं त्या पंपाच्या भरवशावर. मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतो. आत गेल्यावर मोज्यांचे फोटो काढायचं कामही तुझ्याकडेच, म्हणे. काय सोय!

त्यात ही युक्ती माझीच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑडिलिया नखं तपासायच्या, तेव्हा मी स्वच्छ हात दोनदा दाखवून निसटायचे. सात वर्षांची तू माझ्या शिलाई मशीनखाली बसून हे ऐकलंस आणि पोट धरून हसलीस. तुझी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हणून मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, हातवारे करून.

एक गोष्ट मात्र कधीच सांगितली नाही. आमच्या हातमोज्यांच्या शिवणघरात सकाळी वीस टाचण्या मिळायच्या, संध्याकाळी वीसच परत द्यायच्या. एकदा माझ्या एकोणीस भरल्या. शेजारणीची डबी मोजून झाली होती; तिच्यातली एक उचलून मी वीस केल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य बाई, मिसेस हॅवर्टी, जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "युलालिया, कालच्या मोज्यांची पेटी चार वाजता बंद होईल." पावणेचारला मी रडत त्यांच्यासमोर उभी राहिले. टाचणी डाव्या मोज्याच्या अंगठ्याच्या अस्तरात निघाली. बाईंना सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून निघावं म्हणून त्या थांबल्या.

तेवढाच वेळ मी तुला देते आहे, म्हणून हे पत्र नियंत्रण कक्षाला न जाता तुला आलंय. शुक्रवारी तू पुन्हा बाहेर जाणार, त्याच मोज्यात. तुझ्या कमांडरला चीर दाखव आणि दाखवल्याचं मला लेखी कळव, गुरुवारी दुपारी चारच्या आत. तुझ्या जागी दुसरं कोणी जाईल, तू खिडकीतून बघत चरफडशील. चरफड. चार वाजून एक मिनिटाने मी नियंत्रण कक्षाला फोन लावीन. मग जन्मभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल, जन्म असला म्हणजे झालं. उत्तरासोबत दोन्ही हातांचा फोटो पाठव. डावा कोणता, मला कळतं.

तुझीच,
युलालिया आत्या